दोन मार्कांचा तलाव

चंद्रकांता रामटेके बाई कोंढ्याजवळच्या आमच्या शाळेत मी शिकवतो त्याच्या बाजूच्या वर्गाले शिकवत. डोक्यात एकदा घेतलं की सोडत नसत, अन् ऐकून ऐकून माझे कान किटत. गोंदिया वेगळा झाला, आमचा जिल्हा अर्धा झाला, पण इतिहासाचा पेपर तोच. साऱ्या दुनियेचे राजे त्यात, अन् आमच्या तलावाले अर्धा मार्कही नाही. याचा बाईले भारी राग. कोणी इचारतच नाही, तर लेकरं ध्यानात कायले ठेवतीन, म्हणत.

केंद्रातल्या सगळ्या शाळांचा पेपर एकच असतो. बाई केंद्रप्रमुख टेकचंद साहेबांच्या हात धुऊन मागं लागल्या. शेवटी वैतागून साहेबांनी दोन मार्कांचा प्रश्न घातला: तुमच्या गावचा तलाव कोणी बांधला? गोंधळ झाला तर प्रश्न कायमचा बाद, हे आधीच बजावलं. उत्तर गावागावात वेगळं, म्हणून तपासताना त्या गावचा जाणता माणूस जवळ बसवा, असं बाईंनीच सुचवलं. आमच्या गावचे केशवराव आले. तलावावरच्या दगडात त्यांच्याच पणजोबाचं नाव कोरलं आहे.

गठ्ठा सोडला अन् झाली ना बापा पंचाईत! पणजोबाचं नाव एकाही लेकरानं लिहिलं नव्हतं. अपेक्षानं आपली आजी गिरजाबाई लिहिली, विनोदनं आपला आजा. जितकी घरं तितकी नावं. आमच्याकडं जेठात, पाऊस लागायच्या आधी, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, घरटी एक टोपली माती टाकायची रीत आहे. आजीच्या डोक्यावर टोपली पाहिलेल्या लेकराले तलाव आजीनंच बांधला वाटते, त्यात त्याचं काय चुकलं?

साहेबांनी लाल पेन उचलला. साऱ्यांले शून्य, अन् पुढच्या साली प्रश्न बंद.

बाईंनी पेपरांवर हातच ठेवला. "साहेब, थांबा. केशवरावजी, तुमीच सांगा. पानी दगडानं अडून राहिलं का मातीनं?"

केशवरावांचा चेहरा उतरला. पणजोबाचं नाव असं पुसलं गेलेलं कोणाले आवडन? त्यांनी अपेक्षाचा पेपर ओढून घेतला अन् वाचला. मंग हळूच बोलले, "बांधला आमच्याच पणजोबानं. पण दोन साल झाले, आमच्या घरची टोपली पडली नाही. पाळ तरी उभी आहे ना, बाकीच्यांच्या टोपल्यांनी! द्या पोरीले मार्क."

साहेबांनी मान डोलावली अन् साऱ्याच लेकरांले मार्क दिले. दुसऱ्या साली प्रश्न बाईंनी स्वतः लिहून दिला: तलाव कोणी बांधला अन् आज त्याले कोण राखते?

जेठात मी पाळीवर गेलो, तर केशवराव टोपली डोक्यावर घेऊन माझ्याही आधी उभे.