दमणगंगेच्या उतारावर न पडलेला रिव्हर्स

नदी बघायची हौस सासूबाईंना अजिबात नव्हती. दसऱ्यासाठी त्या जळगावहून आमच्याकडे डोकमर्डीला आल्या होत्या, गुडघे धरलेले होते आणि "पाणी काय, सगळीकडे सारखंच," असं त्यांचं स्पष्ट मत होतं. पण माझी गाडी नवी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बायको कामावर गेली आणि मी सासूबाईंना शेजारी बसवून दमणगंगेवर निघालो. वाटभर गाडीचे गुण सांगितले. काठावर पोचल्यावर, म्हशी जिथून पाण्यात उतरतात त्या उतारावर गाडी सरळ खाली घातली.

"इथून छान दिसतं," मी म्हणालो.

जरा जास्तच छान दिसत होतं. बॉनेटपुढे पाचसहा हात उतार, नंतर गढूळ, भरलेलं पाणी.

थोड्या वेळाने निघायचं ठरलं. माझ्या गाडीत रिव्हर्स पहिल्या गिअरच्या अगदी शेजारी आहे. गिअरच्या मुठीखालची रिंग बोटांनी वर उचलली तर रिव्हर्स पडतो, नाही उचलली तर पहिला. मी सवयीने गिअर टाकला, हँडब्रेक सोडला, अॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी नदीकडे झेपावली. ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. इंजिन बंद.

"अगो बाई! काय झालं?"

"काही नाही आई, गाडी जरा अंदाज घेतेय."

जवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात मी मेन्टेनन्सला आहे. बिघाड दिसला की आधी सगळ्यात सोपं कारण बघा, हे मी पोरांना रोज सांगतो. स्वतः मात्र सगळ्यात अवघड कारणापासून सुरुवात केली. गिअरची केबल तुटली असणार. नाहीतर आतला फोर्क वाकला असणार. म्हणजे गिअरबॉक्सच उतरवायचा. मग क्लच पुरता दाबला जात नसेल, म्हणून पायाखालची मॅट ओढून मागे फेकली. क्लच उत्तम होता. रिंग तेवढी उचलली जात नव्हती. म्हटलं, नवी आहे, जोर लावू. इंजिन पुन्हा चालू करून जोर लावला, गिअर पडला, आणि गाडी आणखी दीड हात पुढे.

आता बॉनेटपलीकडे जमीन दिसतच नव्हती.

ब्रेकवरचा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा उडत होता. पाय घसरला तर काय, हे मला कळत होतं, आणि गुडघे धरलेली एक बाई सीटबेल्ट लावून माझ्या शेजारी बसली होती, हेही कळत होतं. "उतरा" एवढं म्हटलं की काम होत होतं. पण सकाळपासून गाडीचं एवढं कौतुक सांगितलेलं! तो एक शब्द तोंडातून निघेना. जावयाची अब्रू वाचवायला मी सासूला नदीच्या तोंडी बसवून ठेवलं होतं. लिहिताना आजही कानशिलं तापतात.

शेवटी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढून धरला आणि म्हणालो, "आई, उतरा. मला भीती वाटतेय."

"हे आधी नाही का सांगायचं? मला वाटलं, तुम्हा इंजिनिअर लोकांना पुढे जाऊनच मागे येता येतं."

गुडघ्यांना शिव्या देत त्या उतरल्या. काही न विचारता दोन धोंडे आणून पुढच्या चाकांखाली सारले. मग माझ्या खिडकीपाशी येऊन आत वाकल्या.

"जावईबापू, तो दोरा मधे येत नाही ना?"

आदल्या दिवशीच्या पूजेत त्यांनी आणलेला लाल दोरा मी भक्तिभावाने गिअरला गुंडाळला होता, सात वेढे, बरोबर रिंग आणि मूठ यांच्यामधे. रिंग वर जाणार कुठे? तेव्हापासून रिव्हर्सची गरज पडली नव्हती, म्हणून कळलं नाही. माझा कारखाना धाग्याचाच आहे. रोलरला धागा गुंडाळला म्हणून मशीन थांबलं की ऑपरेटरवर ओरडण्याचा मला पगार मिळतो.

नखांनी गाठ सुटेना. त्यांनी कनवटीची पिशवी काढली, पिशवीतून अडकित्ता.

"अहो, देवाचा दोरा, असा तोडायचा?"

"मग काय, देवासाठी बुडता?"

कट्. रिंग लोण्यासारखी वर आली. त्या बाजूला सरल्या. रिव्हर्स टाकला, क्लच अर्धा सोडला, हँडब्रेक खाली केला. चाकांनी चिखल उडवला, गाडी क्षणभर जागच्या जागी थरथरली, आणि मागे चढू लागली. वर सपाटीला पोचेपर्यंत मी श्वास घेतल्याचं आठवत नाही.

गाडी बंद करून उतरलो. तिथेच गवतात बसलो. सासूबाई हळूहळू चढून आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता घाबरा हवं तेवढं. आता हरकत नाही."

आणि मी घाबरलो, चांगली दहा मिनिटं. त्या शेजारी सुपारी कातरत उभ्या होत्या.