सड्यावर वल्हवलेली होडी

आगबोट रत्नागिरीला थांबली आणि आम्ही पडावातून (उतारूंना किनाऱ्यावर नेणाऱ्या होडीतून) बंदरावर उतरलो, तेव्हा उन्हे चढली होती. माझा धाकटा भाऊ इथे ड्रॉइंगमास्तर होता. पौषात तो वारला. त्याचे सामान न्यायला मी आलो होतो.

त्याची खोली मच्छीमारांच्या वाडीत होती. घरमालक धोंडू तांडेल (नावेचा मुख्य) यांनी भाकरी आणि बांगड्याचे तिखले वाढले. जेवता जेवता कळले ते असे : बंदराला रुंद रस्ता आणि वखारी हव्या होत्या, म्हणून वाडी उठवून वर सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर) बसवायची होती. तिथली आखणी त्याच दुपारी सुरू होणार होती.

"मास्तर म्हणायचे, माणसं वर नेताय तर दर्या पण न्या," धोंडू म्हणाले. "दर्या न्यायला कोण तयार नाय. मग आमीच नेतांव."

घाटी चढून गेलो आणि जागीच थबकलो. कातळभर चुन्याच्या लाटा होत्या. भावाने कागदावर काढून ठेवलेल्या त्या लाटा वाडीतल्या बायकांनी रांगोळीसारख्या मोठ्या केल्या होत्या. मधोमध खांद्यांवरून चढवलेली होडी. धोंडू चढून बसले आणि सहा जण कोरड्या दगडावर वल्ही मारू लागले. तो खरखराट दातांत जात होता.

मोजणीची साखळी घेऊन ओव्हरसियर आला. बरोबर हवालदार.

"होडी हटवा. रेघ इथून जाते."

"भरती येऊंदे, सायबानु. मग हलवतांव."

"चेष्टा पुरे! हवालदार, खेचा याला खाली."

हवालदार निघाला. त्याचा पाय पहिल्या लाटेवर पडणार तोच एक म्हातारी कडाडली, "मेल्या, बूट काढ! भिजतील ना!"

आणि त्याने उचललेला पाय खरोखर मागे घेतला. तो नाटे गावचा, दर्यावर्दी घरातला, हे मला मागाहून समजले. बायका फिसकन हसल्या. तोही मिशीत हसला.

ओव्हरसियर हसला नाही. "उद्या मोठी कुमक आणतो," म्हणत त्याने साखळी गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी निघालो. पडावातून सड्याची कड दिसत होती. वल्ही चालू होती आणि शिपायांची रांग घाटी चढत होती. पुढे काय झाले, हे लिहिताना मला अजून कळलेले नाही. शेजारचा उतारू हसत म्हणाला, "दगडावर वल्हवून कुठं पोचणार हे?"

"खाली वाडीत, आहेत तिथंच राहायचंय त्यांना," मी म्हणालो.