अर्ध्या लेन्स माझ्या, अर्ध्या त्याच्या

मी अमरावतीला लग्नाचे फोटो काढतो, माझा दोस्त अकोल्याला काढायचा. एकाच उस्तादाकडं शिकलो, कॅमेरेही एकाच कंपनीचे घेतले. लेन्स मात्र वाटून घेतल्या. अख्खा मांडव मावेल अशी रुंद लेन्स मी घेतली, लांबचा चेहरा जवळ ओढणारी टेली त्यानं. दोन्ही घ्यायची ऐपत कोणाची होती राजेहो! ज्याच्याकडं मोठं लग्न, त्याच्याकडं दोन्ही लेन्स. मधल्या मूर्तिजापूरच्या स्टँडवर भेटायचं, चहा प्यायचा, पिशवी हातात द्यायची.

पिशवी रिकामी परत करायची नाही, हा आमच्या आयांचा कायदा. म्हणून परतीच्या लेन्ससोबत त्या लग्नातली बुंदी यायची आणि त्याच लेन्सनं काढलेला एक फोटो. मग फोनवर शिव्या. "अबे, नवरीचा डोळा सोडून नथीवर फोकस मारला काय? कोनं शिकवलं तुले?" गिऱ्हाईक काय, कशालाही मस्त म्हणते. मी सुधारलो तो त्याच्या शिव्यांनी.

एक दिवस त्याचा फोन आला, मी कॅमेऱ्याची कंपनी बदलून राहिलो म्हणून. माझं डोकंच फिरलं. मूर्तिजापूरला त्याला गाठलं.

"काहून बे? अर्धा संसार मोडून राहिला तू! आपल्याच कंपनीची नवी बॉडी घे, अ‍ॅडॉप्टर लावला की जुन्या लेन्स चालतात. तिकडं गेला तं सारं पहिल्यापासून. त्यायची टेली महाग, वरून जड. अन् तुही जुनी बाजारात कोण विचारते? दुकानदार मातीमोल भाव करते."

खरं सांगायचं तर लेन्सच्या भावाशी मला काही देणंघेणं नव्हतं. त्याची लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसेना झाली की आमचं मूर्तिजापूर संपलं, एवढीच भीती होती. ते तेवढं तोंडातून निघेना.

तो चहाचा कप फिरवत बसला. मग म्हणाला, "डोळ्याचा पडदा खराब झाला गड्या. नवरीचा डोळा कुठं अन् नथ कुठं, मले समजत नाही आता. नवे कॅमेरे सोताच डोळा धरतात, त्याच्यावर चौकोन आणतात. आपल्या कंपनीचाही हातात घेऊन पायला. त्याच्यातला चौकोन मले दिसत नाही, या दुसऱ्या कंपनीच्यातला दिसते."

"मंग घे बापा," एवढंच मी म्हणालो. परतताना बसच्या खिडकीकडं तोंड करून रडलो. बाजूची बाई विचारत होती, कोणी गेलं काय भाऊ? मी मान हलवली, हो की नाही ते तिलाही कळलं नसेल.

त्या नव्या कॅमेऱ्यावर त्यानं लग्नाचा एक हंगाम काढला. मग चौकोनही दिसेना, तेव्हा दुकान बंद केलं. यंदा एसटीच्या पार्सलनं आमची जुनी पिशवी आली. आत टेली. त्यानं ती विकलीच नव्हती! मी फोन लावला, "अबे, हे काय?"

"तूच म्हणे ना, बाजारात कोण विचारते. राहू दे तुह्यापाशी. अन् पिशवी धाडजो, घरची कुरकुर करते."

जन्मभर पूर्ण संच पाहिजे होता, तो झाला एकदाचा. आग लागो त्या संचाले.

काल भातकुलीच्या लग्नात त्या टेलीनं नवरीची पाठवणी काढली. डोळा असा चोख आला की पापणीवरचं पाणीसुद्धा मोजून घ्या. आज सकाळी पिशवीत बुंदीचा पुडा ठेवला, वरून तो फोटो ठेवला. गाठ मारता मारता हात थांबला. फोटो बाहेर काढला, आणि त्या जागी आणखी थोडी बुंदी भरली.