आमच्यात असलं काय नसतं

"आमच्यात असलं काय नसतं," असं म्हणायचं आणि उजवा हात माशी हाकलावी तसा हवेत फिरवायचा, ही त्यांची सवय. वाणगावजवळ त्यांची चिकूची वाडी. एकदा झाडांना कीड लागली, तेव्हा बघायला आलेल्या अधिकाऱ्यालाही त्यांनी हेच ऐकवलं. कीड त्या वेळी त्यांच्याच बाहीवर होती म्हणे.

मी त्यांच्या रेवाची वर्गशिक्षिका. दुसरीतली रेवा म्हणजे पायाला भिंगरी. गणित अर्ध्यावर सोडून ती खिडकीतल्या कावळ्याशी बोलायला जायची आणि येताना भलत्याच बाकावर बसायची. आम्हाला हसू यायचं. पण एकदा ती धावताना एका मुलीवर आदळली, त्या मुलीच्या ओठाला टाके पडले आणि बाकीचे पालक म्हणू लागले, हिला शाळेतून काढा. तेव्हा मी तिच्या आईवडिलांना बोलावून घेतलं.

मी जपून जपून बोलत होते. लक्ष टिकत नाही, एकदा डॉक्टरांना दाखवा, असं काहीबाही. तोवर हे गृहस्थ उठून कॅलेंडरचं पान उलटून आले, डस्टर झटकलं आणि टाचण्यांची डबी सांडली. "पोर जरा हूड आहे, बाई. आमच्यात असलं काय नसतं," टाचण्या गोळा करत ते म्हणाले. रेवाची आई, म्हणजे आमच्या वहिनी, त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. वापीच्या डॉक्टरांची वेळ त्यांनीच घेतली.

तिथली हकिगत मला वहिनींकडून कळली. डॉक्टरांनी रेवाबद्दल सगळं विचारलं, मग यांच्याकडे वळून म्हणाले, तुम्ही लहानपणी कसे होता? झालं, यांना स्फुरण चढलं. कौलांवर चढायचो, चालत्या बैलगाडीतून उडी मारायचो, मास्तरांनी दोरीने बाकाला बांधलं तर बाकासकट अंगणात गेलो. डॉक्टरही हसले. पुढच्या एक-दोन भेटींनंतर त्यांनी निदान सांगितलं: एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. आणि हेही सांगितलं, की हे पुष्कळदा घराण्यातून येतं.

नंतर एकदा मधल्या सुट्टीत ते फाटकाशी उभे दिसले. हात खिशात.

"बाई, आमच्यातच होतं हो," ते म्हणाले. "ती बाकाची गोष्ट मी सगळ्यांना हसून सांगतो. पण त्या दिवशी अंगणात पोरं हसत होती. मी नव्हतो हसत."



डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीवरून घरात बराच वाद झाला. रेवाच्या आत्याबाईंचं म्हणणं, वेड्यांच्या गोळ्या पोरीला देऊ नका. शेवटी यांनीच निकाल दिला. "दोरीपेक्षा गोळी बरी."

पण खरी पंचाईत पुढे होती. रेवा अभ्यास करेल तेवढा वेळ आईबापांपैकी एकाने शेजारी बसायचं, काम छोटं द्यायचं, झालं की लगेच शाबासकी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनींना ते जमलं. हे मात्र पाण्याच्या निमित्ताने उठायचे. मग रेवानेच नियम काढला, की न उठता बसेल त्याला कागदी चांदणी. यांना पहिली चांदणी मिळाली तेव्हा तिने ती बापाच्या कपाळावर चिकटवली आणि हे तसेच डहाणूच्या बाजारात चिकू घेऊन गेले. व्यापाऱ्याने विचारलं, कसलं व्रत धरलंय? "बसायचं," हे म्हणाले.

रेवा काही एकदम शांत झाली नाही. पण वर्षाच्या शेवटी तिने आख्खा पेपर सोडवला, आणि ज्या मुलीला लागलं होतं तीच तिच्या शेजारी बसू लागली.

माझी तलासरीला बदली झाली तेव्हा ते सामान घेऊन स्कूटरवरून मला डहाणूच्या एसटी स्टँडवर सोडायला आले. पिशव्या वर ठेवायला गाडीत चढले आणि बोलत बसले. रेवाला आता पोहायला घालणार, डॉक्टरांनी त्यांना स्वतःलाही तपासून घ्यायला सांगितलंय, ते जाणार आहेत. बोलता बोलता गाडी सुटली. दोघांच्याही लक्षात आलं नाही. कंडक्टर तिकीट मागायला आला तेव्हा डहाणू मागे पडून आशागड आलं होतं.

ते हसत उतरले, मला हात केला. मी मागच्या काचेतून पाहत राहिले. ते रस्त्याच्या कडेला उभे होते, खिशातून स्कूटरची किल्ली काढून आजूबाजूला स्कूटर शोधत.