मेंढरं कुणी बघायची

दिवाळी सरली, ऊस तुटून गेला की आमच्या साताऱ्याकडच्या रानात आटपाडीकडचे मेंढपाळ उतरायचे. वडील त्यांच्या मेंढ्या रात्री आमच्या रानात बसवायचे. लेंड्यांचं खत जमिनीला मिळायचं आणि त्याबदल्यात आमच्या घरून ज्वारी जायची. वर्षानुवर्षं येणारं एक जोडपं होतं, नात्याचा मेळ न बघता त्यांना मी मामा आणि मावशी म्हणायची. मावशी घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं यायची आणि मामा कळपामागून चालत. मामांना निवांत बसलेलं मी कधी पाहिलंच नाही. भाकरीसुद्धा उभ्यानं खायचे, नजर मेंढ्यांवर. तुमच्या पायाला भिंगरी आहे म्हणून मी त्यांना चिडवायची आणि ते मिशीत हसून पुढच्या रानाकडं निघायचे.

पुढं मी वकील झाले, साताऱ्यात अपघाताचे दावे चालवू लागले. एका दुपारी मावशी एकटीच ऑफिसात आली. कपाळ मोकळं होतं. मी काय ते समजले आणि उठून तिला खुर्चीत बसवलं.

भोरकडून परतताना, शिरवळ ओलांडल्यावर, पहाटे महामार्गाच्या कडेनं कळप चालला होता. मागून आलेल्या गाडीनं मामांना उडवलं आणि गाडी थांबली नाही. अंधारात नंबर कुणाला दिसला नाही. ते जागीच गेले. पोलिसांना कळवावं असं बरोबरच्या मेंढपाळांपैकी कुणीतरी म्हणालं, पण मग पंचनामा, शवविच्छेदन, जबाब, आणि तोवर एवढा कळप थांबवायचा कुठं? रस्त्याकडेला ना चारा ना पाणी, आणि दुसऱ्याच्या पिकात मेंढी शिरली की काठ्या निघतात. मेंढ्या उपाशी ठेवल्या तर मामांनाच आवडलं नसतं, असं सगळ्यांनी ठरवलं. कळप पुढं गेला. मावशी आणि तिचा दीर मामांना एका टेंपोतून गावी घेऊन आले आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणं स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यात पुरलं. चौकशीचं झेंगट मागं लागू नये म्हणून दिरानं ग्रामपंचायतीत सांगितलं, चक्कर येऊन पडला.

त्या एका वाक्यानं घात केला. भावकीत कुजबुज सुरू झाली की पिऊन पडला असणार. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस. अनोळखी गाडीनं माणूस मेला तर सरकार भरपाई देतं, हे मावशीला बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. पण ती भरपाईसाठी आलेली नव्हती.

“त्येला गाडीनं मारलं, एवढं सरकारनं लिवून द्यावं,” ती म्हणाली. “बाकी मला काय नगं.”

भरपाई मंजूर झाली की ते लिहून मिळणारच होतं, म्हणून मी जिद्दीनं अर्ज केला. मरण सातारा जिल्ह्यात, माती सांगली जिल्ह्यात. दोन्हीकडं खेटे घातले. फिर्याद नाही, शवविच्छेदन नाही, म्हणून अर्ज नामंजूर झाला. नियमाप्रमाणं ते बरोबरच होतं आणि म्हणूनच मला जास्त राग आला. हा नियम करणाऱ्यानं माणूस मेला की घरचे तिथंच थांबतील असं धरलं होतं. ज्यांचं घरच चालत असतं, ते त्याच्या डोळ्यांपुढं कधी आलेच नसावेत.

त्याच सुमारास या भरपाईच्या योजनेत सुधारणा करायची म्हणून साताऱ्यात एक बैठक झाली. मीही गेले. घरच्यांनी ठाणी धुंडाळण्याऐवजी पोलिसांनीच त्यांच्या दारी जावं, हे माझं म्हणणं सगळ्यांना पटलं. मग मी म्हणाले की वाटेवरचा मेंढपाळ गेला तर शवविच्छेदन होईपर्यंत त्याच्या मेंढ्या कुणी बघायच्या, हेही योजनेत लिहा. सभागृहात हशा पिकला. पोलिसांनी आता मेंढ्या वळायच्या का, असं कुणीतरी मागून विचारलं. माझा तोल गेला. हसणाऱ्यांनी एकदा तो कळप हायवेला धरून उभं राहून दाखवावं, असं मी तिथंच सुनावलं आणि खाली बसले. बैठक पुढच्या मुद्द्यावर गेली.

बाहेर आल्यावर एका वयस्क अधिकाऱ्यानं मला थांबवलं. ते हसले नव्हते. मामांची सगळी हकिकत त्यांनी विचारून घेतली. मयत पुरलेलं आहे ना, मग रीतसर परवानगीनं बाहेर काढून तपासता येईल, हाडांवरची इजा दिसेल, फिर्याद आताही नोंदवता येईल, असं त्यांनी समजावलं. मला एवढा आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी मी आटपाडीची एसटी धरली.

मावशी मला त्या तुकड्यात घेऊन गेली. बोराटीच्या झाडाखाली दगड रचलेले होते. मी सगळं सांगितलं. आता सरकार लिहून देईल, भावकीची तोंडं बंद होतील, फक्त एका अर्जावर अंगठा हवा.  मावशीनं खाली वाकून एक सरकलेला दगड जागेवर बसवला.

“जल्मभर चालला त्यो,” ती म्हणाली. “एका जागी कवा चार राती निजला न्हाई. आत्ता कुटं निजलाय. उठवू नगा त्येला.”

आणि लोक बोलतात त्याचं काय, असं मी विचारलं. बोलू दे, म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

मी अर्ज पिशवीत परत ठेवला. रडू आवरेना. मावशीनं हाताला धरून मला दगडांच्या कडेला खाली बसवलं. इतक्या वर्षांत मामांजवळ अशी बसायची माझी ती पहिलीच वेळ होती.