अक्काताईंचं तिसरं ड्रेसिंग

"हात ऱ्हायला काय आन् गेला काय, मी परत त्या खोलीत येत न्हाय. मला घरला सोडा."

अक्काताई खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत बँडेजमध्ये. ऑपरेशन थिएटरची ट्रॉली दारात उभी. सून सुवर्णा पिशवी भरायची की नाही या विचारात. अक्कांना भूल देणारी डॉक्टर मी, म्हणजे या रागाची निम्मी धनी मीच होते.

पेठ वडगावजवळ त्यांचा गोठा आहे. घरी खवा आटवताना कढई कलंडली आणि उकळता खवा हातावर आला. खवा पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला धरून बसतो. भाजलेलं खोल होतं. मेलेली कातडी टप्प्याटप्प्यानं काढायची, जखम स्वच्छ झाली की मांडीची कातडी तिथं लावायची, असं आमच्या सर्जननी ठरवलं होतं. दोन ड्रेसिंग झाली होती. तिसरं टळलं असतं तर जखम चिघळली असती आणि बोटं आखडून बसली असती. म्हशीची धार काढणाऱ्या बाईची उजव्या हाताची बोटं.

या ड्रेसिंगला मी केटामिन देत होते. अक्कांना दमा, म्हणून पूर्ण भूल नको होती. हात बधिर करायची सुई खांद्याजवळ टोचतात, ती जागाच भाजलेली. केटामिन हे विचित्र औषध आहे. माणूस धड झोपत नाही. डोळे उघडे राहतात, श्वास चालू राहतो, पण शरीराची खबर मनाला पोचत नाही. याला आम्ही डिसोसिएशन म्हणतो. दुखणं कळत नाही हे उत्तम. पण मन एकटंच सुटतं, आणि कुठं जाईल याचा नेम नसतो.

आमच्या रिकव्हरी शीटवर यासाठी एक ओळ आहे: पेशंट शांत की अस्वस्थ. अक्कांपुढं दोन्ही वेळा 'अस्वस्थ, असंबद्ध बडबड' असं लिहिलेलं. त्यातून काही कळत नाही. म्हणून पेशंट काय सांगतात ते मी त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवते आणि कप्प्यांत लावत बसते. कोणी तरंगतो, कोणी बोगद्यातून जातो, कोणाला स्वतःचं अंग वरून दिसतं. माझे तीन कप्पे होते: दिसणं, ऐकू येणं, अंग बदलल्यासारखं वाटणं. ट्रॉली परत पाठवली आणि स्टूल ओढून बसले.

"नेऊ नका म्हणता, ठीक. पण तिथं काय झालं ते तर सांगा. सुई टोचल्यापासून."

अक्कांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. मग सांगायला लागल्या. आमच्याकडं बायकाही 'मी गेलो, मी आलो' म्हणतात, तसंच त्या बोलत होत्या.

"आदी कान लांब गेलं. तुमचं बोलणं इहिरीतनं आल्यागत. मग खाट न्हाय, हात न्हाय. तंवर बरं वाटत हुतं की. खोटं कशाला बोलू?"

"मग?"

"मग मला सोलाय लागलं. ऊस सोलत्यात तसं. वरनं खाली."

"कोण सोलत होतं? दिसलं कोणी?"

"दिसलं कायच न्हाय."

"दुखलं?"

"त्येबी न्हाय. दुखलं असतं तर वरडून मोकळा झालो असतो. नुसतं कळलं. आपलं सोलणं चाललंय, आन् ह्ये कवा संपायचं न्हाय."

मी लिहायची थांबले. शिकलेली माणसंसुद्धा या औषधाबद्दल सांगताना सगळा गोपाळकाला करतात. या बाई दिसणं वेगळं, दुखणं वेगळं आणि कळणं वेगळं काढून माझ्यापुढं ठेवत होत्या, तेही ज्याला घाबरून हात गमवायला तयार होत्या त्याबद्दल बोलताना. 'कळलं' हा कप्पा माझ्याकडं नव्हताच. तो त्या दिवशी आला.

"पहिल्या वेळीही सोललं?"

"न्हाय. पैल्यांदा पिळलं. धुणं पिळत्यात तसं. आन् दोरीवर टाकलं."

हे शब्द मी ऐकलेले होते. कारण दोन्ही वेळा मी तिथंच उभी होते. औषध चढत असताना आमचे सर्जन हात धुऊन आत येतात. मोठा माणूस, मोठं मन आणि शाहूपुरीतल्या दवाखान्यातून पार गावाच्या टोकाला कसबा बावड्यात ऐकू जाईल असा आवाज. पेशंटची मस्करी केल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही. पहिल्या वेळी ते म्हणाले होते, "काय अक्का, आज धुऊन, पिळून वाळत घालतो बघा!" दुसऱ्या वेळी, "आज सोलूनच काढतो तुम्हाला!"

अक्कांना ही वाक्यं आठवत नव्हती. कानातून आत मात्र गेली होती. केटामिन चढताना खोली शांत ठेवा, हे पुस्तकात असतंच. पण कोल्हापुरात मायेनं बोलायचं म्हणजे मोठ्यानं बोलायचं, त्याला आम्ही कोणी गोंगाट समजत नव्हतो.

सर्जन सर चहा पीत होते.

"सर, अक्का तुमच्या बोलण्यानं घाबरतायत."

"माझ्या? अहो, हसवतोय की मी त्यांना!"

मी त्यांची दोन्ही वाक्यं म्हणून दाखवली. मग अक्कांनी काय सांगितलं ते सांगितलं. सर वयानं आणि मानानं मोठे, 'बाई घाबरट आहेत' म्हणून उडवून लावू शकले असते.

"पिळलं म्हणाल्या?" त्यांनी हळूच विचारलं. कप ठेवला. "चला. माफी मागून येऊ."

खरं सांगते, या माणसाबद्दल मला इतका आदर कधी वाटला नव्हता.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मस्करी केलासा व्हय!"

"व्हय अक्का. चुकलं माझं. मी बाहेर थांबतो, तुम्हाला भूल चढली की मगच आत येतो."

"कशाला? तुमचा आवाज माझ्या मनात शिरतोय न्हवं का? मग चांगलं कायतरी शिरवा की."

आणि त्यांनी सरांची शिकवणीच घेतली. त्यांची लाडकी म्हैस चंद्री. म्हणायचं एवढंच: चंद्री पान्हावली, धार काढा. सरांनी म्हणून दाखवलं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठला.

"असं न्हाय," अक्का म्हणाल्या. "म्हशीजवळ वरडाय लागलासा तर पान्हा चोरती ती, दूध सोडत न्हाय. हळू. पाठीवरनं हात फिरवल्यागत."

सुवर्णा पदर तोंडाला लावून हसत होती. सर चार-पाचदा नापास झाले. मग जमलं.

दुपारी तिसरं ड्रेसिंग झालं. औषध मी तेच दिलं, तेवढंच दिलं. सर अक्कांच्या कानाशी वाकले आणि थिएटरमध्ये कोणी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "चंद्री पान्हावली, अक्का. धार काढा."

अक्का शुद्धीवर आल्या तेव्हा मी शेजारीच होते. ओरडणं नाही, हातपाय झाडणं नाही.

"काय झालं, अक्का?"

"धार काढत हुतो." बँडेजमधल्या हाताकडं बघून म्हणाल्या, "ह्या हातानं. बादली भरली तरी धार थांबंना."

मला रडू आलं. मास्क होता म्हणून निभावलं.

कातडी लावली, ती धरली. पुढं बोटांच्या व्यायामाला अक्का फिजिओथेरपिस्टला शिव्या घालत का होईना, पण नेमानं येत राहिल्या. मी आता भूल देण्याआधी प्रत्येकाला विचारते, कानात काय सांगू? परवा एका बँक मॅनेजरनं मान खाली घालून सांगितलं, "उद्या सुट्टी आहे एवढंच सांगा." सांगितलं. उठले तेव्हा चेहरा प्रसन्न होता. काही खर्च नाही, कुठलंही जादा इंजेक्शन नाही, फक्त आधी विचारावं लागतं.

शेवटच्या तपासणीला सर अक्कांना म्हणाले, "मूठ वळते का बघू." अक्कांनी सरांचा अंगठा धरला आणि धार काढतात तसा वरून खाली ओढला. सर कळवळून ओरडले.

"वरडू नगासा," अक्का म्हणाल्या. "पान्हा चोरल."