ढग आले की थांबणारं यंत्र

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी धायरीत टपरीपाशी स्कूटर लावून चहा घेत होतो. "काल संध्याकाळी अचानक छातीत..." त्यांचे भाऊ पुढे बरंच बोलले; मला एवढंच आठवतं, की चहा तसाच ठेवून मी निघालो. त्याला आता पाच आठवडे झाले.

आमच्या केंद्रातल्या महासंगणकावर पुराचा अंदाज काढतात. धरणाच्या वर किती कोसळेल, नदी किती चढेल, हे सगळं. ते काम कुंदाताईंनी उभं केलं आणि मी त्यांच्या हाताखाली शिकलो. कुणाची चूक सापडली तर त्या ओरडत नसत, नुसता चष्मा काढून पुसत. तेवढ्यानं आमची गाळण उडायची.

गेल्या हिवाळ्यात केंद्र सौर विजेवर न्यायचं ठरलं. त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज खरडले होते ते त्यांनीच. पण नियम असा झाला, की वीज कमी पडली तर कामं आपोआप थांबावीत, सगळ्यांत जास्त वीज खाणारं आधी. यादीत पहिलं नाव लागलं पुराच्या अंदाजाचं. बैठकीत त्या म्हणाल्या, "अहो, वीज कमी कधी पडणार? ढग आल्यावर. आणि अंदाज कधी हवा? वा! उन्हात छत्र्या विका आणि पावसात दुकान बंद ठेवा." सगळे हसले. साहेब म्हणाले, "पावसाळ्याआधी बघू." तपासणारा म्हणून नियमाखाली माझी सही हवी होती. मी केली. बाहेर आल्यावर त्या एवढंच बोलल्या, "शिंदे, तुम्हाला कळत नव्हतं असं नाही..." कळत होतं. बढती तोंडावर आली होती आणि मी भित्रा माणूस आहे. या सहीबद्दल त्यांची माफी मागायचीही राहून गेली.

परवा भर दुपारी घाटाकडून अंधारून आलं. धरण भरत आलं होतं आणि आमचं काम थांबलं. नियम डावलून ते चालू ठेवायची सोय आहे, पण दोघांची संमती लागते. मी माझी दिली. पुढे काहीच हलेना. साहेबांचा फोन लागेना. तीन तास नदीचा अंदाज कुणाकडेच नव्हता आणि खाली काठच्या सोसायट्यांत लोक गाड्या लावून निवांत घरी जात होते. मग ऊन पडलं, काम सुरू झालं. पाणी या वेळी चढलं नाही.

काल मी सही मागे घेतल्याचं पत्र दिलं. "समितीपुढे ठेवू," साहेब म्हणाले. आत्ता पुन्हा भरून आलंय. पडद्यावर दुसऱ्या संमतीपुढे अजून कुंदाताईंचंच नाव आहे, आणि त्याखाली लिहिलंय, 'उत्तराची प्रतीक्षा'.